मामा तलावांच्या गाळातली सोनेरी नोंद

धान कापून झालं, थंडी पडली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या तलावांचं पाणी निवळतं. असं थंड, नितळ, खत-सांडपाणी न मिसळलेलं पाणी सोनेरी शैवालांना मानवतं. हरितद्रव्य त्यांच्यातही असतं, पण फ्युकोझँथिन हे तपकिरी रंगद्रव्य त्याला झाकून टाकतं. बहुतेक जाती सूक्ष्म. एक लांब आणि एक आखूड अशा दोन कशाभिकांनी पोहणाऱ्या.

त्यांतलं डायनोब्रायॉन बघत राहावं असं. प्रत्येक पेशी पारदर्शक सुरईत बसलेली, तिच्या तोंडाशी नवी पेशी आपली सुरई रचते आणि पाण्यात तरंगणारी फांद्यांची वसाहत तयार होते. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि जिवाणूही गिळतं. किती गिळतं, हे १९८६ साली कॅनडातल्या डेव्हिड बर्ड आणि जेकब काल्फ यांनी दाखवलं. पाण्यात फॉस्फरस कमी असला तरी ते तग धरतं, ते या जिवाणूंच्या जोरावर. फॉस्फरस वाढला की मात्र नीलहरित शैवाल वरचढ होतात. चंद्रपूर शहरातल्या रामाळा तलावासारख्या, सांडपाणी आणि जलपर्णीने ग्रासलेल्या पाण्यात या नाजूक मंडळींना जागा कुठली?

दिवस वाईट आले की सोनेरी शैवाल सिलिकाचा गोल कोश करतात. व्यास साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग. एकच छिद्र, तेही बूच लावून बंद. पेशी आत निजते, कोश तळाशी बसतो. जातीगणिक कोशावरची नक्षी वेगळी असते. म्हणूनच जॉन स्मोल यांच्यासारख्या संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या सरोवरांच्या गाळातले हे कोश आणि सिन्युरा, मॅलोमोनास यांचे खवले वाचून पाणी कधी आम्ल झालं ते शोधलं.

पूर्व विदर्भात गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने बांधलेले तलाव सहा हजारांहून अधिक. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव झाले. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. गाळ काढायलाच हवा. त्याशिवाय पाणी साठत नाही, आणि तो शेताला सोनं आहे. पण त्या गाळात अशा कोशांच्या रूपाने तलावाचा इतिहासही थरांनी साठलेला असू शकतो, आणि पोकलेनच्या एका फेरीत तो कायमचा विस्कटतो. काठाचा, दरवर्षी सुकून भेगाळणारा गाळ हा इतिहास वाचायला उपयोगाचा नाही. जिथलं पाणी उन्हाळ्यातही आटत नाही, तिथे एक नळी उभी दाबून थर न मोडता नमुना काढावा, त्यावर तलावाचं नाव, जागा, तारीख लिहावी आणि तो थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. हे काम तिथल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावं, खोदकाम सुरू होण्याआधी.