मोतिया की सोफिया?

पावसाळा सरला की सातपुड्याच्या उतारांवर रोशा गवत तुऱ्याला येतं. तुरा तळहातावर चुरगळून हुंगला, तर कधी गुलाबाची आठवण होते, कधी आल्याची. गवत तेच दिसतं. वनस्पतिशास्त्रातही जात एकच, सिंबोपोगॉन मार्टिनी. व्यापारी मात्र पहिल्याला मोतिया म्हणतात, दुसऱ्याला सोफिया. भाव अर्थातच मोतियाला.

दोघांचा कच्चा माल एकच असतो, दहा कार्बनांची साखळी. मोतियात ती मोकळीच राहते, टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लागते आणि जिरॅनिऑल तयार होतं. मोतियाच्या चांगल्या तेलात ते ७५ टक्क्यांच्या वर असतं. सोफियात हीच साखळी वळून तिचं कडं होतं. त्यातून संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन बनतं, त्यावर ऑक्सिजन चढला की पेरिलिल अल्कोहोल. अणू जवळजवळ तेवढेच, पण गुलाब गेला!

भट्टीत आणखी एक गंमत. जिरॅनिऑल एकटं उकळायला सुमारे २३० अंश सेल्सिअस लागतात, तरी पाण्याच्या वाफेबरोबर ते शंभराच्या आतच निघून येतं. तेल-पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघं आपापल्या परीने वाफेचा दाब देतात. दोन्ही दाबांची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की उकळी फुटते. वाफ थंड झाली की तेल पाण्यावर तरंगतं, ते वरच्यावर काढून घ्यायचं.

खानदेशातलं हे तेल पूर्वी मुंबईहून अरबस्तानमार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि पुढे युरोपात ‘तुर्की जिरेनियम’ म्हणून विकलं जाई. १८७१ मध्ये ऑस्कर याकोब्सन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जिरॅनिऑल पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं, तेही भारतातून गेलेल्या असल्याच गवताच्या तेलातून. नावात मात्र जिरेनियम राहिलं, रोशाचा पत्ताच नाही.

बल्गेरियातल्या गुलाबाच्या भट्ट्यांवर काही चलाख मंडळी पाकळ्यांवर हेच तेल शिंपडून मग अर्क काढत. गुलाबाच्या अत्तरातही जिरॅनिऑल असतंच, त्यामुळे नाक सहज फसे. पण गुलाबाच्या तेलात मेणासारखे घटकही असतात. अस्सल तेल विशीच्या आसपासच्या तापमानाला गोठू लागतं. रोशाच्या तेलात ते मेण नाही. म्हणून जाणता गिऱ्हाईक कुपी हुंगण्याआधी गार करून बघे.