सडा मोकळा दिसतो, बेवारस नसतो

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, एक हत्ती आहे. सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर उंच. एवढा अवाढव्य असूनही जीपच्या काचेतून तो दिसायचा नाही, कारण जांभ्या कातळात कोरलेली ती आकृती जमिनीसरशी आडवी पडली आहे. रेघांत माती-गवत साचलं की शेजारी उभ्या माणसालाही ती चटकन उमगत नाही. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. त्यात कशेळीसोबत उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आहेत. यादीबाहेरची शिल्पं मात्र कितीतरी सड्यांवर उघडीच आहेत.

शनिवारी पहाटे फोर-बाय-फोर आणि बाइक घेऊन निघणाऱ्या ऑफरोडिंगच्या हौशी मंडळींना हेच सडे खुणावतात. डांबर सोडून गाडी हाकण्यात कौशल्य आहे, मजाही आहे. चूक होते ती ‘नुसता माळ तर आहे, कोणाचं काय जातंय’ या हिशेबात.

कोकणातला बराचसा सडा खासगी मालकीचा आहे. एकेका सातबाऱ्यावर भावकीतली पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. पण मालक समोर नाही म्हणून जमीन मोकळी होत नाही. पावसाळ्यानंतर तिथलंच गवत कापून गुरांची वैरण होते. कुठे देवस्थानाची जागा असते, कुठे गायरान, कुठे राखीव वन. राखीव वनात परवानगीशिवाय घुसणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे.

‘पण इथे रस्ता आहे की!’ हे नेहमीचं उत्तर. गावनकाशा पाहिला तर एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट आणि दुहेरी म्हणजे गाडीरस्ता, हा फरक कळतो. बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ ने तहसीलदाराला दिला आहे, तो शेतकऱ्याला आपल्या शेतात जाता यावं म्हणून. एखाद्या वाटेवर गावाची पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट असेल, तरी तिच्या जोरावर हौशी गाड्यांचा ताफा हक्क सांगू शकत नाही. परवानगी घेऊनच जावं लागतं.

विचारायचं कोणाला? जमीन कसणारा सापडला तर त्याला, नाहीतर पोलीसपाटलाला किंवा सरपंचांना. एक जण आधी जाऊन आला, किती गाड्या, कुठून कुठवर, किती वाजेपर्यंत हे सांगून आला, की निम्मी कटकट मिटते. दहा गाड्या दारात उभ्या करून मागितलेली परवानगी धमकीसारखी वाटते. नकार मिळाला तर मागे फिरावं. शेजारच्या वाडीतून घुसू नये.

गाडी चालवण्याचंही शास्त्र आहे. कातळावरच्या खळग्यांत मातीचा थर जेमतेम काही सेंटिमीटरचा असतो, आणि पावसाळ्यातली सगळी फुलं त्यावरच उगवतात. चाक जागेवर गरगरलं की तो थर उखडतो आणि पुढच्या सरीत वाहून जातो. म्हणून भर पावसात सडा टाळावा. चिखलाचं डबकं लागलं तर मळलेल्या चाकोरीतूनच जावं. प्रत्येकाने बगल दिली की एका वाटेच्या चार वाटा होतात. ओहोळ सरळ आडवा, सावकाश ओलांडावा. फसलेली गाडी ओढताना झाडाला रुंद पट्टा लावावा, नुसती तार साल कापते. उन्हाळ्यात तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतावर टेकला तर वणवा पेटायला तेवढं पुरतं. टिटवीही याच दिवसांत उघड्यावर, खड्यांत खडे दिसावेत अशी अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की गाडी थांबवून पुढची जमीन पायी पाहावी.

कुंपणाच्या गडग्याचा दगड पडला तर उतरून जागच्या जागी रचावा. बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, उघडून आत गेलात तर निघताना लावून घ्यावं. ते उघडं राहिलं तर रात्रीत गुरं भातात शिरतात, आणि पुढच्या खेपेला परवानगी मागायला जाल तेव्हा त्या घरात तुमची तेवढीच ओळख उरलेली असते.