झर्ग : एक इच्छा, असंख्य देह

असंख्य जीवांचे मिळून एकच मन असावे, ही कल्पना विज्ञानकथेला नवी नाही. ऑलाफ स्टेपल्डन या ब्रिटिश लेखकाने १९३० सालीच 'लास्ट अँड फर्स्ट मेन' या कादंबरीत मंगळावरील अशा जीवांचे वर्णन केले होते. कादंबरीच्या वाचकाला मात्र समूहमन बाहेरूनच पाहावे लागते. त्याच्या जागी बसून निर्णय घेण्याची सोय ब्लिझर्ड या अमेरिकी कंपनीच्या 'स्टारक्राफ्ट' या संगणकीय खेळाने १९९८ मध्ये करून दिली, आणि त्यातील झर्ग या परग्रहवासी जातीचे खरे महत्त्व येथेच आहे.

हा खेळ 'रिअल-टाइम स्ट्रॅटेजी' प्रकारातला, म्हणजे ज्यात डाव आळीपाळीने न पडता सर्व पक्षांच्या हालचाली एकाच वेळी चालू असतात, असा आहे. त्यात तीन पक्ष आहेत : पृथ्वीपासून दूर जाऊन वसलेले मानव म्हणजे टेरन, मनःशक्ती आणि तंत्रज्ञान या दोन्हींत पुढारलेले प्रोटॉस आणि यंत्रे किंवा शस्त्रे न घडवता स्वतःची शरीरेच बदलत जाणारे झर्ग. झर्गांच्या शिखरावर ओव्हरमाइंड हे सर्वोच्च मन आहे. त्याच्याखाली एकेका टोळीचे नियंत्रण करणारे सेरेब्रेट आहेत, ज्यांना स्वभाव आहे पण अवज्ञेची मुभा नाही. आणि ओव्हरलॉर्ड नावाचे तरंगते जीव वरचे हुकूम खालच्या झुंडीपर्यंत पोहोचवतात.

ही उतरंड केवळ कथेची सजावट राहिली असती, तर तिच्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. ती खेळाच्या नियमांत मुरलेली आहे. टेरन आणि प्रोटॉस यांचे कामकरी एका इमारतीत व सैनिक दुसऱ्या इमारतीत तयार होतात, त्यामुळे उत्पन्न आणि युद्ध या दोन्ही बाजू समांतर चालवता येतात. झर्गांचा मात्र जवळजवळ प्रत्येक जीव हॅचरी या मूळ वास्तूभोवती वळवळणाऱ्या अळीपासूनच निर्माण होतो, आणि एका हॅचरीपाशी आपोआप तयार होणाऱ्या अळ्या एका वेळी तीनपेक्षा जास्त साठत नाहीत. त्या अळीचा कोश होऊन त्यातून खनिजे वाहणारा ड्रोन निघावा, झर्गलिंग या चपळ लढवय्यांची जोडी निघावी, की आठ एककांच्या सैन्याचे पोषण करू शकणारा ओव्हरलॉर्ड निघावा, हे खेळाडूने ठरवायचे असते. एक अळी सैनिकासाठी खर्च झाली की तेवढा कामकरी कमी झाला. इमारत उभारतानाही हाच हिशेब लागू पडतो, कारण ड्रोन इमारत बांधत नाही, तो स्वतःच इमारत होतो. त्यामुळे झर्ग खेळणाऱ्याला प्रतिस्पर्ध्यावर सतत पाळत ठेवावी लागते. हल्ला येण्याआधी फार लवकर सैन्य वाढवले तर उत्पन्न खुंटते आणि उशीर केला तर वसाहतच जाते. व्यक्तीला मोल नसलेल्या समाजाचा विचार कसा चालत असेल, याची इतकी थेट प्रचिती क्वचितच एखादी कथा देते.

खऱ्या मधमाश्यांचे पोळे असे चालत नाही, हेही नोंदवले पाहिजे. राणीमाशी अंडी घालते, हुकूम देत नाही; थॉमस सीली या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाच्या संशोधनातून दिसले की नव्या घराची जागा शोधक माश्याच नाचाद्वारे सुचवतात आणि एखाद्या जागेवर पुरेशा शोधक माश्या जमल्या की थव्याचा निर्णय होतो. त्या मानाने झर्ग ही निरंकुश राजवट आहे, आणि तिचे दुबळेपणही त्या एककेंद्री रचनेतच आहे. मेलेल्या सेरेब्रेटला ओव्हरमाइंड पुन्हा देह देऊ शकतो. पण प्रोटॉसांतील झेराटुल आपल्या वेगळ्या शक्तीने झाझ या सेरेब्रेटला कायमचे मारतो. त्या क्षणी मात्र झेराटुलचे मन ओव्हरमाइंडला भिडते आणि प्रोटॉसांच्या एयूर या मायभूमीचा ठावठिकाणा शत्रूला कळतो. समूहमनाशी झालेला स्पर्श दोन्ही दिशांनी वाहतो, हा या कथेतला सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग म्हणता येईल.

पहिल्या खेळातील झर्ग मोहिमेत खेळाडू स्वतः एक नवजात सेरेब्रेट असतो, आणि ज्या कोशाचे रक्षण त्याच्यावर सोपवले जाते, त्यात सारा केरिगन ही स्वकीयांनी रणांगणावर सोडून दिलेली मानवी सैनिक रूप पालटत असते. ओव्हरमाइंडने तिची इच्छाशक्ती शाबूत का ठेवली, याचे उत्तर २०१० च्या 'स्टारक्राफ्ट २'मध्ये मिळते : प्रोटॉसांच्या संहाराची आज्ञा त्याच्यावर लादलेली होती, ती मोडणे त्याच्या हाती नव्हते, म्हणून आपल्या जातीला मुक्त करू शकेल असे कोणीतरी त्याला घडवायचे होते. सर्वांवर हुकमत गाजवणारे मनच सर्वांत परतंत्र निघते. पुढे २०१३ च्या 'हार्ट ऑफ द स्वॉर्म'मध्ये केरिगन झर्गांच्या झेरस या मूळ ग्रहावर जाते, जिथले आदिम झर्ग कोणत्याही सामायिक मनाशिवाय जगतात. झगारा या टोळीप्रमुखेला ती स्वतः विचार करायला लावते, आणि २०१५ च्या 'लेगसी ऑफ द व्हॉइड'च्या अखेरीस झर्गांची सूत्रे त्याच झगाराकडे जातात.