बुळबुळीत थर खरवडू नका

१९५०-५१च्या हंगामात लोणीला प्रवरा कारखान्याचं धुराडं पेटलं आणि नगर जिल्ह्यात सहकारी साखर कारखानदारी रुजली. साखरेसोबत सांडपाणीही आलं. ते शुद्ध करणाऱ्या जिवाणूंविषयी मात्र अजून बरेच समज फिरतात.

सर्वांत घट्ट समज असा, की टाकीतल्या दगडांवर किंवा प्लॅस्टिकच्या चकत्यांवर चढलेला बुळबुळीत थर ही घाण आहे, ती धुऊन काढावी. वस्तुस्थिती उलटी आहे. तिथलं मुख्य काम तो थरच करतो. जिवाणू स्वतःच स्रवलेल्या चिकट पदार्थात रुतून बसतात, हे जैवपटल. पाण्याबरोबर ते वाहून जात नाहीत, त्यामुळे लहान टाकीतही त्यांची दाट वस्ती टिकते. एवढ्याशा जाडीतही दोन जगं असतात. वरच्या भागात प्राणवायू पोचतो, तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. खाली तो पोचत नाही, तिथले त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. थर फार जाडावला की तळच्यांची उपासमार होते, पकड सुटते आणि लपके निखळतात. पाण्यात लपके दिसले म्हणून घाबरू नये. पुढची निवळण टाकी त्यासाठीच असते.

हे जिवाणू वाढवायला ‘शेणकाला ओतला की झालं’ हे अर्धसत्य. शेण विरजणाचं काम करतं, पण साखरेच्या पाण्यात नत्र-स्फुरद तुटपुंजं असतं. बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूचं माप), नत्र, स्फुरद यांचं प्रमाण साधारण १००:५:१ हवं, म्हणून युरिया आणि डीएपी. शिवाय थर जमायला काही आठवडे लागतात. गाळपाची मोळी टाकायच्या दिवशी धावपळ करून काय उपयोग?

हवेशिवाय शुद्धीकरण नाही, हेही खरं नाही. डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा, म्हणजे स्पेंटवॉशचा, सीओडी (घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणाऱ्या प्राणवायूचं माप) लिटरला लाखभर मिलिग्रॅमपर्यंत जातो. तेवढी हवा फुंकणं परवडणारच नाही. ते बंद डायजेस्टरमध्ये कुजवून बायोगॅस मिळवतात. १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये लेटिंगा या शास्त्रज्ञांनी बीट-साखरेच्या सांडपाण्यावर अशा विनाहवा पद्धतीचे प्रयोग केले. त्यांच्या टाक्यांत जिवाणूंनी कुठलाही आधार न घेता एकमेकांनाच चिकटून दाणे बनवले होते. हे दाणे महिनोन्‌महिने उपाशी राहूनही तग धरतात. कारखाना वर्षातले काही महिने बंद असतो तिथे हा गुण फार मोलाचा.

राहिला शेवटचा समज: प्रक्रिया झाली, आता पाणी शेताला कितीही सोडा. साखर कारखान्याच्या सांडपाण्याला बीओडीची मर्यादा लिटरला जमिनीसाठी १०० आणि नदी-नाल्यासाठी ३० मिलिग्रॅम आहे. पण जिवाणू खातात ते सेंद्रिय द्रव्य. क्षार पाण्यातच राहतात, डायजेस्टरमधून निघालेल्या स्पेंटवॉशचा काळपट रंगही. कालव्याखालच्या काळ्या रानात आधीच खारवटपणाची भीती, तेव्हा बीओडीसोबत टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा, आकडाही मागून घ्यावा.