हसण्याची वारसदार

बँकेच्या नोकरीत वारसांचे अर्ज मी पुष्कळ पाहिले. कुणाला घर मिळे, कुणाला ठेवी. मॉद लिंडर या फ्रेंच मुलीच्या वाट्याला मात्र वडिलांचं हसू आलं, तेही विखुरलेलं.

तिचे वडील म्हणजे मूकपटांतले विनोदी नट मॅक्स लिंडर. बोर्दोजवळच्या द्राक्षमळेवाल्याचा हा मुलगा १९०५ मध्ये पाथे कंपनीच्या चित्रपटांत आला. डोक्यावर उंच रेशमी टोपी, हातात छडी, ऐट राजासारखी आणि फजिती पावलोपावली! चॅप्लिनच्या आधी जगाला हसवलं ते त्यांनी. खुद्द चॅप्लिनने स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवलं.

पहिल्या महायुद्धात त्यांची प्रकृती ढासळली, मनही खचलं. १९२५ साली पॅरिसमध्ये मॅक्स आणि त्यांच्या तरुण पत्नीचा करुण अंत झाला. मॉद तेव्हा जेमतेम सोळा महिन्यांची होती.

तिने वडिलांवर आयुष्यभर रुसावं, तर तिला कोण दोष देणार होतं? तिने मात्र त्यांच्या चित्रफिती शोधून काढल्या. त्यांतून १९६३ आणि १९८३ मध्ये दोन चित्रपट सिद्ध केले. २०१७ मध्ये ती गेली. पोरकं करून गेलेल्या बापाला तिने पुन्हा हसतं केलं. वारसा सांभाळणं म्हणतात ते हेच, नाही का?