चाटूला वरून काय लावायचं?

लाकडी चाटू, रवी, उलथनं करणाऱ्या ताईंना दुकानदार आधी चकाकणारा डबा दाखवतो. स्टॉलवर चकाकणारा माल पटकन उचलला जातो, हे खरंच. पण चाटू उकळत्या वरणात फिरवायचा आहे. वरचा थर निघाला तर तो लेकरांच्या ताटात जातो, अन् ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

लाख आपल्या ओळखीची. पळस, बोर, कुसुमच्या फांद्यांवर बारीक किडे ही राळ तयार करतात. सावंतवाडीचं लाखकाम प्रसिद्धच आहे. पण साधारण ७० अंशांच्या आसपास लाख मऊ पडू लागते, अन् उकळतं पाणी असतं १०० अंशांचं. म्हणून लाख करंड्याला, खेळण्याला चांगली, चाटूला नाही.

इपॉक्सी रेझिन म्हणजे दोन बाटल्यांतला माल, राळ आणि हार्डनर. काचेसारखं दिसतं, पण साधं इपॉक्सीसुद्धा गरम वरणात मऊ पडतं. ओलं असताना कातडीला खाज-पुरळ येऊ शकते. हातमोजे घाला, उघड्यावर काम करा. नावाची पाटी, शोभेचा ट्रे यांना वापरा.

चाटूला खरं कामाचं ते जवसाचं तेल. ते लाकडात मुरतं, हवेनं हळूहळू घट्ट होतं, म्हणून पापुद्रा सुटायचा प्रश्नच नाही. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, चिकट होऊन खवट वास मारतं. तेल घाणीचं खायचंच घ्या. रंगाच्या दुकानातलं 'बॉइल्ड' जवस तेल नको. लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घालतात.

लाकूड चांगलं घासून पातळ हात द्या. वीसेक मिनिटांनी उरलेलं तेल कोरड्या फडक्यानं पुसा, सावलीत वारं लागेल असं ठेवा. काही दिवसांनी दुसरा हात, मग तिसरा. घाई केली की चिकटपणा राहतो.

अन् एक गोष्ट विसरू नका: तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात, पेटूही शकतात. पाण्यात भिजवा, नाहीतर एकेक करून बाहेर पसरून वाळवा.

माल देण्याआधी पूर्ण वाळलेला एक चाटू दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून पाहा. चिकट लागला, वास आला तर बाकीचा माल अजून वाळू द्या. चिठ्ठीवर तेलाचं नाव अन् 'पाण्यात भिजत ठेवू नका' एवढं लिहा. पूर्ण वाळायला तीन-चार आठवडे धरा. महालक्ष्मी सरसला माल न्यायचा असेल तर तेल लावणं निदान महिनाभर आधी उरकायला हवं.