सैन्याने सोडलेल्या वास्तू आणि त्यांतील वन्यजीव
(धाराशिव जिल्ह्यातील किल्ल्यांच्या संदर्भात)

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावर वसलेले असून शोभेच्या दारूच्या कारखान्यांमुळे ते सर्वत्र परिचित आहे. ज्या दारूने एके काळी किल्ल्यांच्या तटांना भगदाडे पाडली, तिच्याच जातीच्या दारूतून येथे दिवाळीची शोभा तयार होते. पदार्थाच्या बाबतीत युद्धोपयोगाचे असे शांततोपयोगात रूपांतर करणे सोपे आहे. वास्तूच्या बाबतीत मात्र ते तितके सोपे नाही. कारण सैन्य निघून गेल्यावर वास्तू रिकामी झाली असे आपण समजतो, आणि तेवढ्या अवधीत तीत दुसरेच रहिवासी येऊन वस्ती करून राहिलेले असतात.

ह्याच जिल्ह्यात अशा दोन मोठ्या वास्तू आहेत. पश्चिमेस परंड्याचा भुईकोट. विजापूरची सुप्रसिद्ध ‘मुलूख-मैदान’ तोफ तेथे जाण्यापूर्वी ह्याच किल्ल्यात होती. सतराव्या शतकात मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. आग्नेयेस तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग. बोरी नदीच्या वळणाने वेढलेल्या ह्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत (१५८०–१६२७) नदीवर बंधारा घालण्यात आला व त्याच्या पोटात पाणीमहाल बांधण्यात आला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून ‘नर’ व ‘मादी’ ह्या सांडव्यांचे प्रवाह कोसळू लागले म्हणजे महालाच्या झरोक्यांपुढे पाण्याचा पडदा उभा राहतो. आदिलशाही, मोगल व निजाम अशा सत्ता येथे एकामागून एक येऊन गेल्या. १८५३ ते १८६० ह्या काळात हा प्रदेश इंग्रजांकडे होता. हैदराबादच्या पोलीस कारवाईत, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे मोहिमेच्या पहिल्याच दिवशी, सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सैन्याने नळदुर्ग ताब्यात घेतला. लष्करी दृष्ट्या ह्या स्थळाचा इतिहास येथे संपला असे म्हणावयास हरकत नाही. अलीकडे राज्य शासनाच्या स्मारक-संगोपन योजनेखाली, खासगी सहभागातून, किल्ल्याची डागडुजी, बागा व पर्यटकांच्या सोयी करण्यात आल्या. ओसाड पडून ढासळण्यापेक्षा हे निःसंशय चांगले. प्रश्न आहे तो हे कोणत्या ऋतूत, कोणत्या दालनात व किती उजेडात करावयाचे, हा.

लष्करी स्थळी वन्यजीव का टिकतात ह्याचे एक कारण सर्वपरिचित आहे : तेथे नांगर चालत नाही, घरे उठत नाहीत, परक्याला प्रवेश नसतो. दुसरे कारण बांधकामाच्या स्वरूपातच आहे आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. शत्रूपासून रक्षण व्हावे म्हणून जे जे गुण तटबंदीत आणले गेले, ते नेमके गुहेचे व कड्याचे गुण आहेत. जाड भिंतींमुळे कोठारातील उष्णमान बारा महिने जवळजवळ स्थिर राहते. तोफांच्या खिडक्या व जंग्या ह्यांतून हवा खेळते, पण मांजरासारख्या प्राण्यास तेथवर पोहोचणे कठीण जाते. बुरुजाचा बाह्यांग उभ्या कड्याचे काम करतो, आणि खंदकात पाणी राहते. ज्या पठारी मुलखात नैसर्गिक गुहा व कडे तुरळक आहेत, तेथे मध्ययुगीन गवंड्याने नकळत शेकडो कृत्रिम गुहा निर्माण करून ठेवल्या.

ह्या गुहांचे मुख्य रहिवासी म्हणजे वटवाघळे. दख्खनच्या पडक्या वास्तूंत लांब, मोकळ्या शेपटीचे कीटकभक्षक वटवाघूळ पुष्कळ ठिकाणी आढळते. ते शेपटीच्या मुळाशी चरबी साठवते व अन्नाच्या तुटवड्याच्या दिवसांत तिच्यावर निभावते. थडगी व भुयारे पसंत करणारी दुसरी एक जात भिंतीला चिकटून बसते. फळांवर जगणारे, गुहेत राहणारे पिंगट वटवाघूळ खोल अंधाऱ्या दालनांत मोठ्या समूहाने राहते. कमानींच्या पोटाशी लाळेने चिकटवलेल्या पिसांची घरटी गुच्छाने करणारी पाकोळी हा पक्षी अर्थातच निराळा. पण लोकभाषेने काही भागांत लहान वटवाघळालाही पाकोळीच म्हटले आहे, आणि संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात दोन्ही एकाच झरोक्यातून ये-जा करताना पाहिली म्हणजे ह्या नामकरणात चूक झाली असे वाटत नाही. ह्यांशिवाय कोनाड्यांतून गव्हाणी घुबड व पिंगळा, आणि ढासळलेल्या दगडांच्या राशीत सरपटणारे प्राणी.

येथे एक खरी अडचण उभी राहते. पिंपळ, वड व उंबर ह्यांची फळे पक्षी व फलाहारी वटवाघळे खातात. त्यांच्या विष्ठेतून बी चुन्याच्या सांध्यात पडते, रुजते, आणि मुळे जाड होत गेली म्हणजे तट फाटतो. वास्तूचा शत्रू अशा रीतीने वास्तूतील रहिवाशानेच पेरलेला असतो. ‘निसर्ग व वारसा दोन्ही जपू’ ह्या सभेतील वाक्याने हा विरोध मिटत नाही. तो मिटवण्याचा मार्ग कष्टाचा आहे : रोप बोटाएवढे असतानाच दरवर्षी हाताने उपटणे, आणि त्याच जातींची झाडे तटापासून दूर मोकळ्या जागी वाढू देणे. रोपाकडे दहा वर्षे दुर्लक्ष झाल्यावर मग वृक्ष तोडावयाचा, त्यावरील घरटी मोडावयाची व फुटलेल्या तटात सिमेंट भरावयाचे, हा प्रकार दोहोंचेही नुकसान करतो. सिमेंट चुन्याप्रमाणे ओल सोडत नाही व प्रत्येक भेग कायमची बुजवते. चुन्याने दर्जा भरताना कोणती पोकळी बांधकामास धोक्याची व कोणती निरुपद्रवी हे पाहून दुसरी तशीच ठेवता येते.

ऋतूचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. वटवाघळाची मादी बहुधा एका वेळी एकाच पिलास जन्म देते. पिंगट फलाहारी वटवाघळात वर्षातून दोन वेळा, उन्हाळ्याच्या प्रारंभी व पावसाळ्यात, पिले जन्मतात. लांब शेपटीच्या कीटकभक्षकांत पावसाळ्याच्या तोंडाशी. ह्या दिवसांत दालनात मशाल, विजेचा झोत किंवा मोठा आवाज आला की समूह एकदम उठतो, आणि अंगाला बिलगलेली वा छताला लोंबणारी पिले खाली पडतात. पडलेले पिलू सहसा वाचत नाही. आणि नळदुर्गास सर्वांत अधिक गर्दी केव्हा होते? सांडवे वाहू लागतात तेव्हा, म्हणजे पावसाळ्यातच. किल्ल्याचे सौंदर्य व त्यातील जीवांची प्रसूती एकाच महिन्यात येते, हा ह्या स्थळाचा विशेष पेच होय.

असा पेच इतरत्र सुटलेला आहे. पश्चिम पोलंडमधील मेंझिझेच गावाजवळ जर्मन सैन्याने १९३० नंतरच्या दशकात जमिनीखाली तीस किलोमीटरहून अधिक लांबीची भुयारी तटबंदी खोदली. युद्धानंतर ती ओस पडली आणि युरोपातील वटवाघळांच्या मोठ्या हिवाळी निवासस्थानांपैकी एक बनली; तेथे एका हिवाळ्यात तीस हजारांहून अधिक वटवाघळे मोजली गेली आहेत. १९८० साली भुयारांच्या काही भागास राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पुढे त्या दशकात तेथे अणुकचरा साठवण्याची योजना निघाली, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला व ती बारगळली. आज तेथे संग्रहालय आहे, प्रवासी भुयारात उतरतात. पण ठरलेल्या मार्गाने, आणि हिवाळ्यात अधिक निर्बंधांखाली. तेथील वटवाघूळ हिवाळ्यात निद्रिस्त असते. जागे झाले की साठवलेली चरबी जळते. दख्खनमध्ये निषिद्ध काळ हिवाळ्याचा नसून उन्हाळ्याच्या आरंभापासून पावसाळ्यापर्यंतचा आहे. नियम उचलून आणावयाचा नाही, नियम करण्याची रीत तेवढी घ्यावयाची.

अमेरिकेतील डेन्व्हर शहराजवळ १९४२ साली रासायनिक अस्त्रांचे कोठार उभारण्यात आले होते. १९८६ मध्ये तेथे पांढऱ्या डोक्याच्या गरुडांची रात्रीची वस्ती आढळली आणि १९९२ च्या कायद्याने ती भूमी वन्यजीव-आश्रयस्थान ठरविण्यात आली. विषारी मातीची साफसफाई मात्र २०१० पर्यंत चालली. आपल्या किल्ल्यांत असले विष नाही, ही केवढी अनुकूलता!

महाराष्ट्रातही एक निराळे उदाहरण उपलब्ध आहे. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली ह्याने जिंकलेला व पुढे १८५८ मध्ये इंग्रजांनी निकामी केलेला चिखलदऱ्याचा गाविलगड आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळा हे दोन्ही किल्ले आज मेळघाटच्या अरण्यप्रदेशात मोडतात. नरनाळ्याभोवती तर स्वतंत्र अभयारण्यच आहे. तेथे वन्यजीव आधी व किल्ला नंतर असा क्रम आपोआप लागला. सपाट, शेतीने वेढलेल्या धाराशिव जिल्ह्यात तो लागत नाही. तेरखेड्याच्या दक्षिणेस येडशी-रामलिंग घाटाचे लहानसे अभयारण्य आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे टिपेश्वरकडून चालत आलेला एक वाघ स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपला आणि साऱ्या जिल्ह्याचे लक्ष वेधले गेले. ते योग्यच झाले. तथापि शेतावरील पतंग-किडे रोज रात्री फस्त करणाऱ्या प्राण्याची वस्ती तुटली तर ती बातमी होत नाही.

कायद्याची स्थितीही दुभंगलेली आहे. राज्य संरक्षित स्मारकाचे नियमन १९६० च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारक कायद्याने होते, वन्यजीवांचे १९७२ च्या केंद्रीय कायद्याने. पहिल्यात दगडाची काळजी आहे. दुसऱ्यात वन्य पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी वा घरटी बिघडविणे हे शिकारीच्या व्याख्येत येते, पण फलाहारी वटवाघळांस मूळ कायद्याने उंदरांच्या पंक्तीस ‘उपद्रवी’ म्हणून बसविले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेले. लोकांच्या मनातील परिशिष्ट अद्याप गेलेले नाही. स्वच्छता मोहिमेत दालने धुरी देऊन ‘साफ’ करण्याचा मोह त्यातूनच होतो.

ह्यावर उपाय म्हणून संपूर्ण किल्ला बंद करण्याची कल्पना कोणी पुढे आणल्यास तीही तपासून पाहिली पाहिजे. शेजारच्या सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात गावे, शेते, बाजारपेठा सर्व आली. खरेदी-विक्रीवर बंधने पडली, रोष वाढला, आणि अखेरीस क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान माळढोक जवळजवळ नाहीसाच झाला. मोठी सीमारेषा आखल्याने लहान जीव वाचतोच असे नाही. नळदुर्गात दोन-तीन अंधारी दालने लोखंडी गजांच्या दाराने, आडवे गज ठेवून, बंद केली तर वटवाघळास वाट राहते व माणसास राहत नाही. उरलेला किल्ला, पाणीमहालासह, प्रवाशांस मोकळा राहू शकतो. दिव्यांचे झोत तटाच्या बाह्यांगावर न टाकता पायवाटेवर खाली वळवावेत, उत्सवाची आतषबाजी नदीपलीकडे, तीही प्रसूतीचा काळ सोडून व्हावी, आणि दर्जाभरणीचे काम वटवाघळे नसलेल्या दालनांपासून सुरू करावे.

कोणती दालने, हे मात्र मोजल्याखेरीज सांगता येणार नाही. ह्या मोजणीस दालनात शिरावे लागत नाही. सूर्यास्तापूर्वी प्रत्येक झरोक्यासमोर एकेक निरीक्षक बसवून बाहेर पडणारे प्राणी मोजावयाचे, महिन्यातून एक संध्याकाळ, सलग बारा महिने. तुळजापूर व नळदुर्ग परिसरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस हे काम सहज साधेल. पावसाळ्यातील संध्याकाळी सांडव्यांच्या तुषारांमुळे मोजणी कठीण जाईल. त्या महिन्यांत नदीकडील झरोक्यांसमोर दोन निरीक्षक ठेवून दोघांचे आकडे ताडून पाहावे लागतील. बारा महिन्यांचा तक्ता पुरातत्त्व खात्यास व वन विभागास एकाच दिवशी देण्यात यावा, आणि किल्ला चालविण्याचा पुढील करार होईल तेव्हा तो त्या कराराला जोडला जावा.